शेवटची फरशी दुसऱ्याची

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही माझी नाही. म्हणजे आता माझीच, पण मी विकत घेतलेली नाही. शाळेच्या मोठ्या बाईंनी दिली. सकाळी दार वाजलं म्हणून उघडलं तर एक बाई उभी, आणि तिच्या मागे या मोठ्या बाई. मी बनियनवर, आत गॅसवर अंडं उकडत ठेवलेलं. पुढची बाई म्हणाली, "काका, ओळखलंत का?" ओळखणार कसा? ओळंब्याची मुलगी मी शेवटची पाहिली तेव्हा दोन वेण्या घालून आमच्या वाळूच्या ढिगात घर बांधत होती. आता तिचेच केस पिकलेत.

ती म्हणाली, "बाबा गेले. महिना झाला."

मी म्हणालो, "कळलं मला." कळलं नव्हतं. कोण कळवणार?

ओळंबा म्हणजे माझा जोडीदार. उंच, काटकुळा, बसला तरी ताठ, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, ते. मी बुटका आणि रुंद, म्हणून मी ठोकळा. सतरा वर्षं आम्ही दोघांनी मिळून लोकांच्या घरांत, दुकानांत, दवाखान्यांत फरश्या बसवल्या. मग तो झाला शाळामास्तर आणि मी राहिलो मिस्त्री. त्याला आता एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, एक मार्चला शाळेत त्याच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. मास्तर म्हणून बोलणारे पुष्कळ आहेत, पण त्याच्या आधीच्या आयुष्यातलं माणूस कुणी नाही. तेव्हा तुम्ही बोला. आणि बोलायच्या आधी आठवेल तसं या वहीत लिहून काढा.

"मला जमायचं नाही. मी त्याला मास्तर म्हणून एक दिवससुद्धा बघितलेला नाही."

"म्हणूनच," असं म्हणून बाईंनी वही ठेवली आणि निघाल्या.

मुलगी जाता जाता म्हणाली, "बाबा तुमच्याबद्दल बोलायचे." काय बोलायचा ते विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तोवर अंडं फुटून पाण्यात गेलं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

बसलो लिहायला. सुचलं काही नाही. पेन्सिलीला टोक काढलं, पुन्हा काढलं. निम्मी पेन्सिल संपली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी सांगितलंय, आधी कामाबद्दल लिहा, माणूस मागून आपोआप येतो. बघू येतो का.

फरशीचं काम एकट्याचं नव्हे. दोरी ताणायची तर दोन टोकांना दोघं लागतात. एका टोकाला खिळा मारून भागवणारेही असतात, पण खिळा काही सांगत नाही की बाबा रे, तुझी बाजू खाली गेलीय. ओळंबा सांगायचा. दिवसातून पन्नास वेळा सांगायचा. "ठोकळ्या, केसभर खाली." मी म्हणायचो, "तुझ्या डोक्यावर केस राहिलेत किती, ते मोज आधी." पण उचलायचो. कारण खाली असायचीच.

आमची रीत अशी होती. आधी सगळी खोली सुकी मांडायची. म्हणजे सिमेंट न लावता फरश्या नुसत्या वाळूवर ठेवून बघायच्या. कुठे कापावी लागतेय, कुठे सांधा जाड येतोय. घाईचे लोक हे करत नाहीत, आणि मग दारापाशी आल्यावर दोन बोटांची चीप कोंबून मोकळे होतात. सुकं मांडून झालं की समोरच्या कोपऱ्यातून पक्कं करत, मागे मागे सरकत दारात यायचं. त्यामुळे शेवटची फरशी नेहमी दारातली.

आणि एक नियम होता. तो सगळ्या मिस्त्र्यांचा नव्हे, आमचा दोघांचा. पहिली फरशी ज्याने बसवली त्याने शेवटची बसवायची नाही. शेवटची दुसऱ्याची. म्हणजे दोघांपैकी कुणालाच म्हणता येऊ नये की ही खोली माझी. त्या शेवटच्या फरशीच्या पाठीवर पेन्सिलने दोघांची नावं लिहायची, तारीख टाकायची, आणि मग ती सिमेंटात कायमची खाली. एकदा मी म्हटलं, "अरे, पण हे वाचणार कोण?" तर म्हणतो, "कुणी वाचणार नाही म्हणून तर लिहायचं. वाचणारा असला की माणूस खोटं लिहितो." असली वाक्यं टाकायचा. हा मास्तर होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहून ठेवतो, की शेवटच्या कामावर तो मला अर्ध्यात सोडून गेला. गरज सरो, वैद्य मरो. कार्यक्रमात हे बोलता येणार नाही, पण वहीत असू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलाचा फोन. दर रविवारी अकराला येतो. जेवलात का, गोळी घेतली का, इकडे कधी येताय. तीन प्रश्न झाले की दोघंही गप्प, मग तो म्हणतो, "बरं मग." आज मी त्याला सांगितलं की मी कामात आहे, भाषण लिहितोय. तो हसायलाच लागला. "बाबा, तुम्हाला लिहिता कधीपासून येतं?"

राग आला मला. येतं मला लिहिता. पंचेचाळीस वर्षं येतं. त्याची आई त्याला घेऊन माहेरी जायची तेव्हा पत्रं कोण लिहायचं, शेजारी?

लिहायला मी कामावर शिकलो. शाळेचं तोंडही न बघता. डबा खाऊन झाला की अर्धा तास रिकामा असायचा. ओळंबा तुटक्या फरशीच्या पाठीवर एक अक्षर काढून माझ्याकडे सरकवायचा, मी त्याखाली गिरवायचो, तो बघून पुसायचा, पुन्हा सरकवायचा. माझं अक्षर उजवीकडे कलायचं. "ओळंबा लाव त्याला," म्हणायचा. दोन पावसाळे हे चाललं. त्याआधी शेवटच्या फरशीवर माझ्या नावाच्या जागी मी नुसता चौकोन काढायचो. ज्या दिवशी पहिल्यांदा नाव लिहिलं त्या दिवशी या बाबाने ती फरशी बसवायलाच दिली नाही, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत हातात धरून बसला. मालक ओरडला तेव्हा दिली.

पण याला काही शिकवणं म्हणत नाहीत. वेळ घालवायचा होता, घालवला. बाईंना मास्तरपणाची आठवण हवी असणार, आणि ती माझ्यापाशी एकही नाही. हेच खरं दुखणं आहे या भाषणाचं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज शाळेत जाऊन आलो. उगाच. भाषण कुठे करायचं ती जागा बघावी म्हणून.

शाळा घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. बाजाराच्या वाटेवरच. पण मी बाजाराला मागच्या रस्त्याने जातो. लांब पडतो, पण बरा आहे, झाडं आहेत. एकतीस वर्षं तिकडूनच जातो.

शिपायाने त्याचा वर्ग दाखवला. गणिताचा. कार्यक्रमही तिथेच आहे. शिपाई म्हणाला, "मिस्त्री, ही फरशी सरांनी स्वतः बसवलीय. नोकरी लागली त्याच वर्षी, सुट्टीत. आधी नुसतं खडबडीत काँक्रीट होतं म्हणे, पोरांचे गुडघे फुटायचे."

मी दारात पाऊल टाकलं आणि पायाखाली आवाज झाला. टक. दारातलीच फरशी. पाय उचलला, पुन्हा टक. काठीने ठोकून बघितली. पोकळ. खाली सिमेंटच नाही, नुसती सुकी ठेवलेली.

मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! वाटू नये, पण वाटलं. बाकीची खोली मी वाकून वाकून बघितली, खोट काढायला जागा नव्हती. पण शेवटची फरशी, आणि तीच सुकी! एवढा शिकलेला माणूस, सगळं करून दारात येऊन कंटाळला. एकतीस वर्षांत त्याला ती एक फरशी पक्की करायला वेळ मिळाला नाही. खडू हातात आला की थापी विसरते, ती अशी. पोरांना काय गणित शिकवलं असेल, देव जाणे.

घरी येताना मागच्या रस्त्याने आलो. भूक चांगली लागली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा गेलो होतो. खोलीचं माप हवं होतं. (भाषणाला खोलीचं माप कशाला, असं शिपायाने विचारलं. आवाज पोहोचेल का ते बघायला, असं सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी सवय.)

शिपायाबरोबर चहा घेतला. चांगला माणूस आहे, पण तोंडाला कुलूप नाही. त्या फरशीचं विचारलं तर म्हणाला, "ती होय! ती उशिरा येणाऱ्याला पकडायला. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत असायचे, पोरगं चोरपावलांनी आत शिरलं की टक. मागे न बघता सर म्हणायचे, 'या. वाट बघत होतो.' सगळ्या शाळेला माहीत आहे."

"मग तुम्ही कुणी बसवली का नाही?"

"मी गेलो होतो ना एकदा सिमेंट घेऊन! सर कधी आवाज चढवायचे नाहीत, त्या दिवशी असे ओरडले. म्हणाले, हात लावू नकोस, तिच्यासाठी कारागीर यायचाय."

कारागीर यायचाय! हा स्वतः कारागीर, सतरा वर्षं माझ्या बरोबरीने काम केलेला, आणि एका फरशीसाठी कारागिराची वाट बघतो. नाकाने कांदे सोलण्याचा प्रकार सगळा. मास्तर झालं की हात मळवायचे नाहीत, दुसरं काय. मी शिपायाला तसं म्हणालो नाही. त्याच्यासमोर कशाला?

१६ फेब्रुवारी, रविवार

फोन आला. जेवलो, गोळी घेतली, बघू.

दुपारभर एक गोष्ट डोक्यात फिरते आहे, ती लिहून टाकतो म्हणजे फिरायची थांबेल. ती फरशी त्याने बसवली त्या सुट्टीत तो आमच्याकडे आला होता. दोनदा. मी आतल्या खोलीत होतो. हिला, म्हणजे बायकोला, मी आतून हाताने खूण केली की नाही म्हणून सांग.

तो म्हणाला, "वहिनी, चार दिवसांचं काम आहे. शाळेचं आहे. एकट्याने दोरी धरता येत नाही."

ही म्हणाली, "भावोजी, ते बाहेर गेलेत." बाहेर माझ्या चपला पडलेल्या. त्याला दिसल्या असणारच. तो म्हणाला, "बरं, आले की सांगा. मी सुरुवात करून ठेवतो."

चार दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा चपला तिथेच. या वेळी म्हणाला, "झालंच आहे, वहिनी. थोडं राहिलंय."

तो गेल्यावर ही माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. म्हणाली, "माणूस दारात उभा राहून तुमच्या चपलांशी बोलून गेला." ही जाऊन चार वर्षं झाली. शेवटी शेवटी आजारात म्हणाली होती, एकदा जाऊन या त्यांच्याकडे. मी हो म्हणालो होतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "काका, एक काम होतं. दारातली ती हलणारी फरशी आहे ना, कार्यक्रमाला म्हातारी माणसं येतील, कुणी अडखळून पडलं तर काय घ्या. तुम्ही कारागीरच आहात. तेवढी बसवून द्याल का?"

मला मनातून गुदगुल्या झाल्या. वरवर म्हटलं, "बघतो, सहा वर्षं थापी धरली नाही, गुडघे ऐकत नाहीत." पण हो म्हणालो. मास्तरांचं राहिलेलं काम शेवटी निस्तरायचं कुणी, तर ठोकळ्याने!

२२ फेब्रुवारी, शनिवार

ओळंब्याची मुलगी येऊन गेली. भाषण झालं का विचारायला. मी चहा केला. दुसरा कप शोधावा लागला, माळ्यावर होता.

तिला विचारलं एकदाचं. "काय बोलायचा माझ्याबद्दल?"

"कुठेही गेलं की आधी खाली बघायचे. लग्नात, दवाखान्यात, कुठेही. फरशी चांगली असली की म्हणायचे, ही ठोकळ्याची असेल. वाईट असली की म्हणायचे, इथे ठोकळा नव्हता."

मी तिच्या कपात उरलेला चहा ओतला.

"आई म्हणायची, एवढी आठवण येते तर जा ना त्यांच्याकडे. बाबा म्हणायचे, दोनदा गेलो. आता त्याची पाळी आहे. तो रागाला चढतो लवकर, उतरतो सावकाश. पण येईल, कामाचा माणूस आहे, काम अर्धं ठेवणार नाही."

कुठलं काम अर्धं ठेवलं मी? माझं एकही काम अर्धं नाही. मुलगी गेल्यावर बराच वेळ आठवून बघितलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोन घेतला नाही. वाजू दिला.

सहा तारखेला मी जे लिहिलंय ना, की तो मला अर्ध्यात सोडून गेला, ते खोटं आहे. खोडणार नाही. असू दे तसंच, पण खरं काय ते खाली लिहितो.

त्याने सात वर्षं परीक्षा दिल्या. सिमेंटच्या पोत्यावर पुस्तक टेकवून वाचायचा. परीक्षेच्या दिवसांत दोघांचं काम मी एकट्याने ओढायचो आणि मालकाला सांगायचो, त्याला ताप आहे. एका वर्षात त्याला नऊ वेळा ताप आला. मालक म्हणाला, "जोडीदार बदल, हा मरेल." आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. मला वाटायचं, शिकतोय तर शिकू दे, हौस आहे. तो खरंच जाईल असं वाटलंच नव्हतं. परीक्षा पास झाला की पेढे मीच वाटायचो, येडा.

मग चार मजली दवाखान्याचं मोठं काम मी परस्पर घेतलं. पहिल्यांदाच आमच्या दोघांच्या नावावर. त्याला चकित करायचं म्हणून विचारलं नाही. त्याच आठवड्यात त्याला शाळेचं पत्र आलं. एका दुकानाची खोली संपत आली होती, दारातली एकच फरशी राहिली होती. पहिली मी बसवली होती. म्हणजे ती त्याची. त्याने तेव्हा सांगितलं. मी म्हणालो, "हात घाण व्हायला लागले का तुझे?" आणखीही बोललो. तो "चहा आणतो," म्हणाला आणि गेला.

तो चहा आणायला गेला आणि मी ती फरशी बसवली. त्याची फरशी. पाठीवर नुसतं माझं नाव लिहिलं. त्यानेच शिकवलेलं. आणि ठोकून पक्की केली.

तो दोन पेले घेऊन आला. बघितलं. खाली बसून सांध्यावरून बोट फिरवलं. म्हणाला, "छान बसलीय." पेले दोन्ही तिथेच ठेवले आणि गेला.

तो सोडून गेला नाही. मीच त्याला खोलीबाहेर काढलं. एकतीस वर्षं मी सगळ्यांना उलटं सांगत आलो, हिलासुद्धा. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी थापी, लेव्हल, रबरी हातोडा, सगळं पिशवीत घातलं. शाळेला आज सुट्टी. शिपायाने घमेल्यात सिमेंट-वाळू कालवून ठेवली होती. दारात बसायलाच मला पाच मिनिटं लागली.

आधी चारी बाजूंचा सांधा बघितला. हाताची सवय. चारी बाजू सारख्या, धाग्याचाही फरक नाही. कंटाळलेल्या माणसाचा सांधा असा नसतो. पात्याने उचलली. खाली वाळू. चाळलेली, बारीक, कोरडी, आणि पट्टी ओढून सपाट केलेली. मी चिमूट घेऊन चोळली. ही वाळू एकतीस वर्षांची नव्हती. दिवसाला दोनशे पोरं वरून नाचतात. सुकी फरशी वर्षभरात खचते, कोपरे उडतात. ही शेजारच्या फरश्यांशी अगदी बरोबरीत होती.

शिपायाला विचारलं, "हिला कुणी हात लावत होतं का?"

"सरच की. दरवर्षी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी चाळण घेऊन यायचे. रिटायर झाल्यावरसुद्धा. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे वाकत नव्हते, तर स्टुलावर बसून मला सांगत होते, इथे भर, तिथे ओढ, केसभर खाली आहे. मी म्हटलं, सर, एकदाच सिमेंट टाकून मोकळे व्हा ना. तर म्हणाले, ती माझी नाही."

मग मी फरशी उलटी केली.

पाठीवर पेन्सिलने त्याचं नाव. डावीकडे. खाली एकतीस वर्षांपूर्वीची तारीख. पेन्सिल पुसट झाली होती तिथे पुन्हा पुन्हा गिरवलेली. आणि उजवीकडे कोरी जागा. माझ्या नावापुरती. बेतून ठेवलेली, मी अक्षर मोठं काढतो हे धरून.

पहिली त्याने बसवली होती. म्हणजे ही माझी. मी त्याची फरशी ढापली होती, आणि या माणसाने माझी एकतीस वर्षं राखून ठेवली. दरवर्षी वाळू बदलून. आणि मी अकरा तारखेला इथे उभा राहून खूश होऊन घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

रडलो मी. दारात बसून, शिपायासमोर. तो बिचारा घाबरला, "मिस्त्री, गुडघा का?" म्हणाला. मी हो म्हणालो.

मग पेन्सिल घेतली आणि उजवीकडे नाव लिहिलं. अक्षर उजवीकडे कललं. वाळू काढली, सिमेंट घातलं, फरशी टेकवली. लेव्हल लावली. केसभर खाली होती. कुणी सांगितलं नाही, मीच उचलली. एका फरशीला दोन तास लागले. पुन्हा वाजवून बघितली, सगळीकडून भरीव.

शिपायाला म्हणालो, "दोन चहा आण." तो घेऊन आला, एक मला दिला आणि दुसरा स्वतः पिऊन टाकला. त्याला कसं कळणार?

१ मार्च, शनिवार

खोली भरली होती. दारातून आत येताना त्याचे जुने विद्यार्थी, चाळिशीचे बाप्ये आणि बाया, पाऊल टाकून थबकत होते. खाली बघत होते. आवाज आला नाही म्हणून. एकीने तर परत मागे जाऊन दुसऱ्यांदा पाय टाकला. मला वाटलं, आपण यांचं काहीतरी काढून घेतलं की काय.

सगळे बोलले. गणित कसं शिकवायचे, आधी सुकं मांडा मग पक्कं लिहा म्हणायचे, ज्याचं अक्षर कलायचं त्याला ओळंबा लाव म्हणायचे. मला वाटायचं हे तो फक्त मलाच म्हणतो.

माझी पाळी आली. मी चार पानं लिहून नेली होती. उभा राहिलो तर चष्मा घरी. म्हटलं झालं.

मग म्हणालो, "मला भाषण येत नाही. दारातली फरशी उशिरा येणाऱ्याला पकडायला होती असं सगळे म्हणतात. बरोबर आहे. काल पकडला. एकतीस वर्षं उशीर केला होता त्याने. आता पक्की बसवलीय, आवाज यायचा नाही."

पोरं हसली. मोठी माणसंही हसली, टाळ्या झाल्या. बाई म्हणाल्या, काका, काय छान विनोदी बोललात! ओळंब्याची मुलगी तेवढी हसली नाही. ती उठून दारात गेली, खाली बसली आणि सांध्यावरून बोट फिरवलं. तिच्या बापासारखंच. मला तिकडे बघवेना.

घरी आलो. वही परत द्यायची राहूनच गेली. मुलाला आपण होऊन फोन केला, तो घाबरला, काय झालं बाबा म्हणाला. काही नाही म्हटलं, बरं मग.

एकतीस वर्षं मी त्याच्यावर रागावलो होतो. रोज. दाढी करताना, डबा भरताना, त्या मागच्या रस्त्याने जाताना. घरात दुसरं कुणी नसलं तरी भांडायला तो असायचा. आता तोही नाही.

सोमवारी बाजाराला शाळेवरून जाईन. जवळ पडतं.